हुशारी जोखायची कशी?

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत भरती निघाली की गेटसमोर सगळ्या तऱ्हेची मुलं उभी दिसतात. कुणी आयटीआयमधून एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) केलेला, कुणी बीएस्सी केमिस्ट्री, कुणी बारावीनंतर ठेकेदाराकडे दोन-चार वर्षं हेल्परकी केलेला. आत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. सुरुवात बहुधा 'स्वतःबद्दल सांगा'नेच होते, तीही इंग्रजीतून. मुलगा फाडफाड बोलला तर 'शार्प आहे', अडखळला तर 'जरा स्लो वाटतो', असा शेरा पहिल्या दोन मिनिटांत मनात पक्का होतो आणि उरलेली आठ मिनिटं त्या शेऱ्याला पुरावे गोळा करण्यात जातात. शाळेत पहिल्या बाकावरच्या आणि मागच्या बाकावरच्या पोरांबाबत हेच चालतं, स्थळ बघायला गेल्यावर चहाच्या बशीसमोर हेच चालतं. दुसऱ्याची बुद्धी जोखण्याचं काम आपण सगळेच रोज करतो, पण ते काम कसं करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. माझं म्हणणं असं की अनोळखी अडचण समोर आल्यावर माणूस काय विचारतो, आणि एकदा समजावून सांगितल्यावर पुढच्या वेळी काय वेगळं करतो, या दोन गोष्टींतून बुद्धीचा सर्वांत भरवशाचा अंदाज येतो. तेव्हा जोखायचं असेल तर तशी अडचण मुद्दाम समोर ठेवावी लागते. गप्पांतून ती आपोआप निघत नाही.

पहिल्या छापेने आपण फसतो कसे, हे फार पूर्वी दाखवून झालेलं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या रकान्यांत ते गुण होते. ज्याला एका रकान्यात वरचे गुण त्याला बाकीच्या रकान्यांतही वरचेच, आणि हे इतकं जुळत होतं की ते खरं असणं शक्य नव्हतं. उंचापुरा, कडक इस्त्रीचा माणूस अधिकाऱ्यांना बुद्धिमानही वाटत होता. आता कुणी म्हणेल की अनुभवी माणसाची नजर इतकीही चुकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. जर्मनीत बोर्केनाउ आणि लीब्लर या संशोधकांनी 1990च्या दशकात काही लोकांना एक मजकूर मोठ्याने वाचायला लावून त्याचं चित्रण केलं आणि ते परक्या माणसांना दाखवलं. त्या परक्यांनी केलेला बुद्धीचा अंदाज चाचणीतल्या गुणांशी काही प्रमाणात जुळला, कारण वाचण्यातली सफाई हा खरोखरच एक धागा आहे. पण तिथे वाचणारे आणि ऐकणारे एकाच भाषेत वाढलेले होते. कुरकुंभच्या गेटवर मात्र दौंड-शिरूरच्या वाडीवस्तीवरचा, मराठवाड्यातून आलेला आणि बिहारचा असे तीन मुलगे एकाच बाकावर बसलेले असतात आणि तिघांची सफाई इंग्रजीत मोजली जाते. तिथे बोलण्यातून कळतं ते बहुतेक एवढंच की कोण कुठल्या शाळेत गेला.

मग करायचं काय? एक नमुना घेऊन बघू. ऑपरेटरच्या जागेसाठी मुलगा समोर बसला आहे. त्याला त्याच्या भाषेत सांगायचं: रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता सोडणारी प्रक्रिया चालू आहे. वरच्या टाकीतून एक द्रव हळूहळू आत सोडला जातोय, ढवळणारा स्टरर फिरतोय, बाहेरच्या जॅकेटमधून गार पाणी वाहतंय, तापमान ठरल्याप्रमाणे आहे. मधेच स्टरर बंद पडला. काय करशील? बहुतेक जण म्हणतील, 'सुपरवायझरला कळवीन.' उत्तर चूक नाही, पण त्यातून काही कळतही नाही. काही जण म्हणतील, 'आधी अ‍ॅडिशन बंद करीन, मग कळवीन.' हा एक पायरी पुढे आहे. बरेच मुलाखतकार इथे थांबतात आणि दुसऱ्याला गुण देऊन मोकळे होतात. खरा प्रश्न पुढचा आहे. स्टरर बंद पडल्याचं दहा मिनिटांनी लक्षात आलं, तोवर अ‍ॅडिशन चालूच होतं. तापमान मात्र चढलेलं नाही, उलट थोडं उतरलंय. इलेक्ट्रिशियनने मोटर दुरुस्त करून दिली. आता बटण दाबायचं का?

इथे माणसं वेगळी होतात. 'तापमान कमीच आहे, मग काय हरकत आहे,' असं एक जण म्हणतो. दुसरा गप्प बसतो, जरा वेळाने विचारतो, 'मग दहा मिनिटं गेलेला माल आहे कुठे?' हा प्रश्न ज्याला सुचला त्याला पुढचं सुचतंच: ढवळणं बंद असल्याने माल एकमेकांत मिसळलाच नाही, म्हणून उष्णता निघाली नाही, म्हणून काटा खाली आला. स्टरर एकदम सुरू केला तर साचलेला सगळा माल एका दमात लागेल आणि ती उष्णता जॅकेटच्या पाण्याला आवरणार नाही. उतरलेला काटा ही दिलाशाची खूण नाही, हे त्याने दिसणाऱ्या आकड्याच्या मागे जाऊन ओळखलं. (प्रत्यक्ष प्लांटवर हा निर्णय लेखी कार्यपद्धती आणि वरिष्ठांचाच असतो. मुलाखतीत आपण विचार तपासतोय, अधिकार देत नाही.) मुलाखत घेणाऱ्याने एवढंच सांभाळायचं की त्या मुलाच्या गप्प बसण्याला घाबरायचं नाही. आपल्याकडे प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा हुशार ठरतो आणि अर्धं मिनिट थांबलेल्याला मंद समजतात. प्रश्न खरोखर अवघड असेल तर थांबणं हेच शहाणपणाचं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही बुद्धी कसली, ही तर माहिती. ज्याने आधी प्लांटवर काम केलंय तोच उत्तर देणार, गावातून नवा आलेला मुलगा फुकट मार खाणार. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर पद्धतीतच ठेवावं लागतं. ज्याला माहीत नाही त्याला आधी शिकवा. पाच मिनिटांत, कागदावर आकृती काढून, माल साचणं म्हणजे काय ते सांगा. मग वेगळा प्रश्न टाका: थंडीच्या दिवसांत जॅकेटचं पाणी नेहमीपेक्षा फार गार आलं, स्टरर नीट चालू आहे, अ‍ॅडिशनही चालू आहे, तापमान ठरल्यापेक्षा बरंच खाली आहे. काळजी करायची की नाही? ज्याने मघाचं ऐकून पाठ केलं तो म्हणेल, 'स्टरर चालू आहे, मग ठीक आहे.' ज्याला मघाचं समजलं त्याच्या लक्षात येईल की फार थंडीतही प्रक्रिया मंदावते आणि मिसळलेला असला तरी माल न लागता साचतच जातो. पहिल्या प्रश्नात अनुभवी माणूस पुढे होता, दुसऱ्यात नवा मुलगा त्याला गाठू शकतो. सुरुवात कुठून झाली यापेक्षा त्या पाच मिनिटांत कोण किती चालला हे बघायचं. मानसशास्त्रात ही कल्पना जुनीच आहे. रशियाच्या लेव्ह विगोत्स्कीने 1930च्या दशकात मांडलं होतं की मूल एकट्याने काय करतं आणि थोड्या मदतीने काय करतं, यातलं अंतर शिक्षकाच्या जास्त कामाचं आहे.

याच आक्षेपाची दुसरी बाजूही आहे, तीही बघायला हवी. मुरलेलं कौशल्य म्हणजे आपोआप बुद्धी नव्हे. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळावर जा. काहिलीतल्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून गुळव्या सांगतो की आता उतरवा. यंत्राला हेवा वाटावा अशी ही अचूकता असते, पण ती वर्षानुवर्षांच्या सरावाची आहे. त्याची बुद्धी बघायची तर खारवट जमिनीतला ऊस आला आणि गूळ घट्ट बसेना, त्या दिवशी बघा. एक जण उसाला आणि मालकाला शिव्या घालेल. दुसरा पुढच्या काहिलीत एकच गोष्ट बदलून बघेल आणि फरक लक्षात ठेवेल. अंगठाबहाद्दर असला तरी तो जे करतोय त्याला प्रयोगच म्हणावं लागेल. शाळा न शिकलेल्या कसबी माणसाला सरसकट 'अडाणी' म्हणणारे आणि त्याच्यावर सरसकट भाळणारे, दोघेही तो दिवस येईपर्यंत थांबत नाहीत.

आता चाचण्यांकडे वळू, कारण बुद्धी म्हटलं की मराठी घरांत पहिली आठवण होते ती शिष्यवृत्ती परीक्षेतल्या 'बुद्धिमत्ता चाचणी'ची. आकृत्यांचा क्रम, गटात न बसणारं पद, आरशातली प्रतिमा. शिरूर तालुक्यातल्या पिंपळे जगतापच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला जायचं तर प्रवेश परीक्षेच्या 80 प्रश्नांपैकी 40 प्रश्न याच जातीचे असतात. या प्रश्नांचं मूळ पॅरिसमध्ये आहे. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली पहिली मोजपट्टी केली ती कुणाला वेगळी मदत द्यायची हे ठरवण्यासाठी. शहाण्यांचे क्रमांक लावणं हा तिचा हेतू नव्हता, आणि बुद्धी जन्मतः ठरलेली असते, वाढत नाही, असं मानणाऱ्यांना बिने यांनी 1909च्या पुस्तकात ठणकावून विरोध केला होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच मोजपट्टी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 साली आलं. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत आणि समुपदेशन केंद्रांत वापरली जाते. पुण्यात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीवर चाचण्या तयार केल्या. त्या मांडणीत स्मरण, मूल्यमापन, नवनवे पर्याय सुचणं अशा अनेक क्षमता वेगवेगळ्या धरल्या जातात.

चाचण्यांना नावं ठेवणं हल्ली फॅशनमध्ये आहे, मला ते पटत नाही. एका प्रकारच्या कोड्यात जो चांगला असतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारच्या कोड्यातही चांगला असतो, हे चार्ल्स स्पिअरमनने 1904 साली दाखवलं आणि ते पुन्हा पुन्हा खरं ठरलंय. शिवाय कागदावरची चाचणी आडनाव विचारत नाही. मामा-काकाची ओळख नसलेल्या, वस्तीशाळेतल्या मुलीला नवोदयची यादी लागल्यावर जी संधी मिळते ती कुठल्याही सरांच्या 'नजरे'वर सोडलेली बरी नव्हे. चाचणी हवीच. फक्त तिच्या आकड्याला माणसाची उंची समजायचं नाही. जेम्स फ्लिन यांनी 1984 साली दाखवलं की अमेरिकेत या चाचण्यांतले गुण दर दहा वर्षांमागे साधारण 3 ने वाढत आले होते. एवढ्या थोड्या पिढ्यांत माणसाचा मेंदू बदलत नाही. शाळा, आहार आणि अशा कोड्यांची सवय बदलते. शिष्यवृत्तीच्या जादा तासांना बसलेल्या मुलाचे आणि तसा तास कधी न बघितलेल्या मुलाचे गुण शेजारी ठेवताना हे विसरू नये.

एका ठिकाणची हुशारी दुसऱ्या ठिकाणी चालून येतेच असंही नाही, आणि इथे पुरावा चांगलाच दणकट आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशेब त्या मुलांनी 98 टक्के बरोबर केले. तसेच हिशेब नुसत्या आकड्यांच्या रूपात कागदावर दिल्यावर बरोबर आले फक्त 37 टक्के. पाचच मुलं होती म्हणून कुणी ते बाजूला सारलं असतं, पण अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर मोठा अभ्यास केला आणि तो 2025 साली 'नेचर'मध्ये आला. निष्कर्ष तोच, आणि उलट बाजूनेही: शाळेत गणित बऱ्यापैकी येणारी, पण बाजारात कधी न बसलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. तेव्हा आठवडे बाजारात सव्वादोन किलो मेथीचे पैसे तोंडी सांगणारी मुलगी वर्गात भागाकार चुकली, तर तिला 'गणितात कच्ची' म्हणणारा शिक्षक घाई करतोय. तिच्या डोक्यातला हिशेब आणि फळ्यावरचा हिशेब यांची गाठ घालून देणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि ते होईपर्यंत तिच्या बुद्धीबद्दल निकाल द्यायला आधारच नसतो.

कुणाला जोखायचं आणि कसं, एवढंच बघून भागत नाही. कधी आणि कुणासमोर, हेही बघावं लागतं. तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांना संशोधकांनी तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीची कोडी घातली. तोच शेतकरी हातात पैसे आल्यावर अधिक चांगलं सोडवत होता. हा अभ्यास 2013 साली 'सायन्स'मध्ये आला. त्याच्या आकडेमोडीवर पुढे वाद झाला, तरी तोड लांबलेल्या, बिल अडकलेल्या घरात ज्याने दिवस काढलेत त्याला त्यातलं खरं ओळखायला अडचण पडू नये. घरात कर्जाची नड असलेला मुलगा मुलाखतीत हरवल्यासारखा बसला, तर त्या दिवशी डोक्यातली निम्मी जागा दुसऱ्याच हिशेबाने अडवलेली असू शकते. त्याहून बोचणारा अभ्यास कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा आहे. उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी दिली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. नाव आणि जात सगळ्यांसमोर जाहीर केल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुलं त्याच गावची. मुलाखतीत 'कुठल्या गावचे, आडनाव काय, कुणाचे?' हे प्रश्न आपण ओळख निघावी म्हणून सहज विचारतो. ज्याची बुद्धी मोजायची आहे त्याच्यावर आपण मोजण्याआधीच काय परिणाम करतोय, ते या अभ्यासातून दिसतं. कामाचे प्रश्न आधी घ्या, गावकीच्या गप्पा नंतर हव्या तेवढ्या मारा.

छोट्या कारखान्याचा मालक किंवा शाळेचा मुख्याध्यापक यावर म्हणेल, एवढा वेळ आहे कुणाकडे? पण यात जादा वेळ लागतच नाही, आहे तोच वेगळा खर्च करायचा आहे. दहा मिनिटांतल्या 'स्वतःबद्दल सांगा'ला रजा दिली की रिअ‍ॅक्टरच्या दोन प्रश्नांना जागा होते. प्रश्न आधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने विचारा. दोघे-तिघे मुलाखत घेत असाल तर प्रत्येकाने आपापले गुण आधी कागदावर लिहावेत आणि मग बोलावं, नाहीतर सर्वांत मोठ्या आवाजाच्या साहेबांचं मत सगळ्यांचं होतं. नोकरभरतीच्या पद्धतींवरचं सगळं संशोधन एकत्र करून पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 साली जो आढावा घेतला, त्यात अशी ठरीव प्रश्नांची मुलाखत कामगिरीचा अंदाज देण्यात सर्वांत वर आली. बुद्धिमापन चाचण्यांचं वजन आधी मानलं होतं त्यापेक्षा कमी निघालं. ठरीव प्रश्नांनी मुलाखत रुक्ष होते ही तक्रार खरी आहे. होऊ द्या रुक्ष. ठेकेदाराने पाठवलेला, सरपंचांनी फोन केलेला आणि कुणीच न पाठवलेला, तिघांना एकच प्रश्न पडतो हा त्या रुक्षपणाचा फायदा आहे.

आईवडिलांसाठी आणि शिक्षकांसाठी यातलं थोडं बदलून घ्यावं लागेल, कारण त्यांना कुणाला निवडायचं किंवा नाकारायचं नसतं. नवोदयच्या यादीत नाव आलं नाही म्हणून 'आमचा एवढा नाही' असं पोराच्या देखत बोलणाऱ्यांनी निदान हे लक्षात घ्यावं की एका जिल्ह्यातून हजारो मुलं बसतात आणि जागा 80च असतात. त्या निकालावरून न निवडलेल्या मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही. त्यापेक्षा चुकलेला पेपर घेऊन बसा आणि एकच गोष्ट बघा: चूक दाखवल्यावर मूल ती खोडून बरोबर उत्तर लिहितं, की 'मग मी असं का केलं होतं?' असं विचारतं. दुसरं होत नसेल तर ते आपण विचारायचं, रोज, न रागावता. काही आठवड्यांत मूल स्वतःच विचारायला लागलं तर त्याची वाढ तुमच्यासमोर चालली आहे. विचारत नसेल तर आधी कान-डोळे तपासून घ्या. वर्षानुवर्षं 'लक्ष नसतं' म्हणून हिणवलेल्या मुलाला फळाच दिसत नव्हता, असं कळायला एक साधी तपासणी पुरते.

राहता राहिली आपली स्वतःची पारख. ती तपासली जात नाही, कारण ज्यांना आपण नाकारतो ते पुढे काय करतात हे आपल्याला कळतच नाही आणि ज्यांना घेतो त्यांच्या चुकांना आपण दुसरी कारणं शोधतो. यावर एक स्वस्त उपाय आहे. मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक निवडलेल्या मुलापुढे दोन ओळी लिहून ठेवा: हा सहा महिन्यांनी काय करू शकेल असं मला वाटतं, आणि कशावरून वाटतं. 'हुशार आहे' लिहू नका, ते कधीच खोटं ठरवता येत नाही. 'रात्रपाळीत लॉगबुकात वेगळं काही दिसलं तर विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही' असं लिहा. मग वही कपाटात टाका आणि सहा महिन्यांनी, शिफ्ट इन्चार्जशी बोलून झाल्यावर उघडा. दुसरा रकाना, म्हणजे 'कशावरून', नीट वाचा. बरोबर निघालेल्या अंदाजांपुढे आणि चुकलेल्या अंदाजांपुढे तुम्ही कोणती कारणं लिहिली होती, हे शेजारी ठेवलं की पुढच्या भरतीला कोणता प्रश्न ठेवायचा आणि कोणता काढायचा ते त्या वहीतूनच ठरवता येईल.